पाणी सुटलंय, ये!

परवा ग्रुपमध्ये वीकेंडचे प्लॅन चालले होते. कुणी अलिबाग, कुणी लोणावळा, एक जण थेट गोवा. मी म्हटलं, ‘पेडगाव.’
‘हे कुठं आलं?’
‘मुंबईहून निघालात तर परभणीच्या जरा अलीकडं.’
‘आणि तिथं आहे काय?’
‘कॅनॉल.’
सगळे खो खो हसले. हसू देत. मामाचा फोन आला होता, ‘पाणी सुटलंय, ये.’ आमच्या घरात या तीन शब्दांचा मान लग्नपत्रिकेएवढा!

पेडगाव माझं आजोळ. आमचा कॅनॉल म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा, पण ‘कालवा’ फक्त पुस्तकात. लहानपणी तो आमचा वॉटर पार्क होता. मोठ्या कॅनॉलची धार जोरकस आणि काठ निसरडे, म्हणून मामानं मला चारीत उतरवलं आणि पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलं. काठानं बाभळी, बेशरमाची जांभळट फुलं, पाण्यात सूर मारणारा खंड्या. हिवाळ्यात शेपूट हलवत फिरणारे धोबी पक्षी. फुकटातला रिसॉर्ट, बॉस!

‘आजी, हे पाणी येतं कुठून?’ मी विचारायची.
‘नाथाच्या पैठणाहून. तिथं देवानं श्रीखंड्या होऊन नाथाघरी कावडीनं पाणी भरलं. तेच आता कॅनॉलनं येतं.’

भूगोल आजीचाही बरोबरच होता. पैठणच्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीला व्हायचं होतं. जागा बदलली, नाव मात्र तेच राहिलं. जलाशयाचं नाव नाथसागर. तिथून निघालेला डावा कालवा जालना जिल्हा ओलांडून आमच्याकडं येतो. लांबी २०८ किलोमीटर, आणि आम्ही त्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. गावच्या भाषेत ‘टेलला’.

टेल म्हणजे काय, हे मला २०१२च्या हिवाळ्यात कळलं. दुष्काळाचं वर्ष, कॅनॉल कोरडा ठाक. आम्ही पोरं खूश, कारण कॅनॉलच्या तळात मस्त सपाट पिच मिळालं होतं. संध्याकाळी बॉल आणायला काठावर चढले, तर मामा एकटाच बसलेला, वरच्या बाजूला नजर लावून. शेत नांगरून तयार होतं, गव्हाचं बी घरात पोत्यातच.
‘मामा, पाणी अडलंय कुठं?’
‘अडलं न्हाई गं. धरणातच न्हाई. अन् थोडं असलं तर आपल्यापस्तोर पुरत न्हाई.’
त्यानंतर मी त्या पिचवर खेळायला गेले नाही.

टेलचं गणित साधं आहे. पाणी वरून येतं, वाटेत ज्याची त्याची तहान भागवतं. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात कॅनॉलचं सिमेंटचं अस्तर उखडतं. मग पाणी झिरपतं. झिरपलेलं वाया जातंच असं नाही, काठच्या विहिरींना तेवढाच आधार. पण पुढं जाणारी धार बारीक होते. २०१५-१६च्या दुष्काळात तर तीही दिसली नाही.

म्हणूनच फोन आला आणि मी देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

मामाची पाळी रात्रीची होती. थंडी सॉल्लिड. डोक्याला मफलर, हातात टॉर्च, मामाच्या खांद्यावर फावडं. दोनच्या सुमाराला चारीत सळसळ झाली. पहिलं पाणी कधी पाहिलंय? ते स्वच्छ नसतं. पुढं काडीकचरा, वाळली पानं, फेस आणि एखादा चहाचा प्लॅस्टिक कप! कोरड्या भेगांत शिरताना बुडबुड असा आवाज येतो आणि ओल्या मातीचा वास सुटतो. मामानं फावड्यानं बारं फोडलं. पाणी गव्हाच्या वाफ्यात पसरलं. मी चपला काढून आत उभी राहिले. पाय बधिर झाले, तरी हलले नाही.

चारच्या पुढं शेवटचा वाफा भिजला. पाणी अजून छान चालू होतं. ‘मामा, थोडं जास्तीचं घे ना. एवढी वर्षं वाट पाहिलीस.’
मामा चिखलाचा ढेकूळ बाऱ्यावर दाबत होता. ‘खाली आजून लोकं हायेत,’ तो म्हणाला.
मी टॉर्च खालच्या बाजूला फिरवली. दूर बांधावर आणखी एक टॉर्च हलत होती. पाणी तिकडं निघालं होतं.

जायचंय? हिवाळ्यात, रब्बीच्या आवर्तनात जा. मुंबईहून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसनं परभणी गाठा. आधी पाणी सुटलंय का, ते विचारा. आणि मोठ्या कॅनॉलमध्ये उतरू नका. त्याचे काठ आत घेतात, बाहेर देत नाहीत.