भुताची भूमिका

भुताच्या भूमिकेसाठी नटी निवडणे अगदी सोपे, असा पुष्कळांचा समज असतो. केस मोकळे सोडले, डोळे वटारले, पांढरे पातळ नेसविले, की भूत तयार! आमच्या भाच्याने आपल्या विद्यार्थिमित्रांसह पंधरा मिनिटांचा एक लघुपट काढावयाचे योजिले आणि पात्रनिवडीच्या वेळी, 'मामा, तुम्ही नुसते बसून पाहा,' म्हणून आम्हांसही बोलाविले. कथा लहानशीच होती. वारलेली आई तिन्हीसांजेस घरी येते आणि मुलाला जेवावयास वाढते.

आईच्या भूमिकेसाठी आलेल्या चौघीजणी किंचाळल्या, खदाखदा हसल्या. आम्हांस लवमात्र भीती वाटली नाही. पाचव्या बाईंनी पदराने ताट पुसले आणि सहज विचारले, 'आज उशीर केलास रे?' खोली एकदम स्तब्ध झाली.

भुताचे भय विद्रूपतेत नसते, ओळखीत असते. मणि कौल यांच्या 'दुविधा' (१९७३) या चित्रपटात नवरा आणि त्याचे रूप घेणारे भूत, या दोन्ही भूमिका रवि मेनन या एकाच नटाने केल्या आहेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला, तेव्हा कृष्ण म्हणून आपली लहानगी मुलगी मंदाकिनी उभी केली. अलौकिकाला चेहरा घरगुतीच लागतो.

खरी अडचण पुढेच होती. मुलाच्या भूमिकेसाठी दोन तरुण उरले. त्यांतील एकाची आई आठ महिन्यांपूर्वी निवर्तली होती. वाचताना त्याचा आवाज असा कापला, की एक विद्यार्थी हळूच म्हणाला, 'हाच घ्या. याला अभिनय करावाच लागणार नाही.'

त्या वाक्याने आम्ही सावध झालो. चित्रणात एकच प्रसंग दहादहा वेळा करावा लागतो. नट दुःख उसने आणतो, म्हणून संध्याकाळी ते परत करून घरी जाऊ शकतो. ज्याचे दुःख स्वतःचेच, त्याने ते कोणाला परत करावे?

आमचे म्हणणे ऐकून भाच्याने त्या तरुणालाच एकांतात विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, 'आई यावी असे मलाही वाटते. पण चौघांदेखत नको.' त्याने ध्वनिमुद्रणाचे काम मागून घेतले.

भूमिका दुसऱ्या तरुणास मिळाली. त्याची आई सुखरूप होती. चित्रणाच्या दिवशी तिने सर्वांसाठी डबाभर पोहे पाठविले.