चेकर जेवायला गेला की…

माझी सगळी नोकरी बँकेच्या शाखांत गेली. कोअर बँकिंग आलं तेव्हा प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड मिळाला. नियम कडक होता. त्यात मोठं अक्षर हवं, अंक हवा, चिन्ह हवं आणि महिना उलटला की नवा पासवर्ड हवा. मग काय, ‘गणेश@१’चा ‘गणेश@२’ व्हायचा, पुढच्या महिन्यात ‘गणेश@३’. कोण कितव्या आकड्यावर पोहोचलंय, हे शिपायानंही सांगितलं असतं.

बँकेत मेकर-चेकर पद्धत असते. एकानं व्हाउचरची नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून ती पास करायची. पण चेकर जेवायला गेला आणि काउंटरवर गर्दी वाढली, की मेकर त्याचं टेबल कॅलेंडर उलटं करायचा. मागे पेन्सिलीनं पासवर्ड लिहिलेला असायचा. तो टाकून मेकर आपलीच नोंद आपणच पास करायचा. इन्स्पेक्शनचा सुगावा लागला की सगळी कॅलेंडरं खोडरबरानं कोरी! मी बोलायचो तेव्हा उत्तर ठरलेलं असायचं, ‘मग साहेब, लाइन तुम्ही आवरा.’ माणसं बेफिकीर नव्हती; दर महिन्याला नवं काही पाठ करणं त्यांच्यानं होत नव्हतं.

या छापाचे नियम जगभर रुळले ते अमेरिकेतल्या ‘एनआयएसटी’ या मानकसंस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनंही भूमिका बदलली. पासवर्ड फुटल्याची शंका नसेल तर तो उगाच बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी वाढू द्या. वाचून मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

निवृत्तीनंतर घरच्या खात्यांसाठी मी ‘डाइसवेअर’ वापरलं. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत. फासा पाच वेळा टाकायचा आणि आलेल्या आकड्यांसमोरचा शब्द यादीतून उचलायचा. यादीत ७,७७६ शब्द. असे पाच शब्द घेतले की शक्यता होतात सुमारे २८ वर १८ शून्यं. बायकोला खरं तर अथर्वशीर्षाची पहिली ओळ हवी होती. म्हटलं, जे तुला पाठ आहे ते निम्म्या गावाला पाठ आहे. मग तिनं लुडोच्या डब्यातला फासा टाकला. एक शब्द ओळखीचा नव्हता, तर म्हणाली, “अहो, हा नको, दुसरा घेऊ.” पण आवडीनिवडी सुरू झाल्या की फाशाचा उपयोग संपला. तो शब्द तसाच ठेवला. आता तोच तिला सगळ्यांत आधी आठवतो.

हे पाच शब्द फक्त पासवर्ड मॅनेजर उघडायला. बाकी प्रत्येक खात्याचा वेगळा, अगडबंब पासवर्ड मॅनेजरच तयार करतो आणि लक्षातही ठेवतो. ते पाच शब्द कागदावर लिहून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलेत. शाखेतल्या कॅलेंडरवर चिडणारा मी, घरात मात्र कागदाच्या बाजूचा आहे. दूर कुठेतरी बसून खाती फोडणाऱ्याचा हात आमच्या लॉकरपर्यंत पोहोचत नाही.

सगळी खाती एका दिवसात बदलायला जाऊ नका, कंटाळून सोडून द्याल. आज फक्त ईमेलचा पासवर्ड बदला आणि दुहेरी पडताळणी चालू करा. बाकीच्या बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलात?’चा दुवा त्याच पेटीत येऊन पडतो.