खडीवरची सायकल

लग्न झालं तेव्हा, म्हणजे १९८४ साली, बोईसरच्या आमच्या खोलीत दोनच मौल्यवान वस्तू होत्या. एक स्टोव्ह आणि दुसरी सायकल. पैकी स्टोव्हवर बसून रविवारी चिंचणीच्या समुद्रावर जाता येत नसे, म्हणून सायकलीचा मान थोडा वरचा. सौ. कॅरियरवर बसे, एका हातात भेळेची पुरचुंडी, दुसऱ्या हातात माझ्या शर्टाचा मागचा भाग. दहा-बारा किलोमीटर जाताना सात वेळा "हळू" म्हणे आणि परत येताना एकदाही म्हणत नसे.

पुढे याच सायकलीवरून मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं कामाला गेलो. तारापूरला १९६९ पासून अणूची वीज तयार होते. पण मला कारखान्यात पोहोचवायची ती सकाळच्या दोन चपात्यांची वीजच. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. सवय सोडवली एका टँकरने. त्याने मला धक्कासुद्धा दिला नाही, नुसता वारा दिला. मी गटारात, मनगट प्लास्टरमध्ये आणि सायकल जिन्याखाली.

"आता पुरे," सौ. म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या 'पुरे'चे निरनिराळे अर्थ मला कळतात. वाढताना म्हणते त्या 'पुरे'नंतर आणखी एक पोळी मिळू शकते. हा 'पुरे' त्यातला नव्हता. गेल्या फेब्रुवारीत भंगारवाल्याला बोलावलं. त्याने सायकलीची किंमत किलोवर सांगितली! रविवारी येतो म्हणाला.

शनिवारी पुण्याहून भाचा आला. गाडीच्या टपावर एक सायकल. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, रंग शेवाळी, मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँड नाही. किंमत विचारली तर म्हणाला, "मामा, सोडा ना." तेवढ्यावरूनच लाखाच्या वर असणार हे मी ओळखलं.

"ही ग्रॅव्हल बाईक."

"म्हणजे?"

"खडीच्या रस्त्यावर चालवायची. गाड्या नसतात, नदी, जंगल, शांतता..."

मी हसलो तर तो दुखावला. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी २००६ साली अशी दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली, खडीवर सायकल चालवायला लोक फी भरतात, वगैरे माहिती त्याने दिली. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे ही सोय घरपट्टीत मिळते. आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो तेव्हाही मिळायची आणि २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला तेव्हाही कुणी काढून घेतली नाही.

मग त्याने टायरची थोरवी सांगायला घेतली. चाळीस मिलिमीटर रुंद, हवा कमी ठेवायची, म्हणजे खडीचे धक्के टायर पितं. मी जिन्याखालून माझी सायकल ओढून काढली. तिचं टायर अठ्ठावीस बाय दीड, तुमच्याआमच्या दूधवाल्याचं असतं तेच. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर! सौ.च्या शिवणाच्या टेपने दोनदा मोजलं. राहिलेले दोन मिलिमीटर टायर नवं असतं तर भरूनही निघाले असते. भाचा बराच वेळ दोन्ही सायकलींकडे आळीपाळीने बघत राहिला. सोयरीक जमवताना मुलीकडचे बघतात तसा.

"मामी, उद्या मामांना घेऊन जाऊ? एकही ट्रक नसलेल्या रस्त्याने?"

"असा रस्ता आहे?" सौ.चा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता. बोईसर-चिल्हार रस्त्यावर ट्रकमधून रस्ता शोधावा लागतो. पण परवानगी मिळाली. भंगारवाला संध्याकाळी येणार होता.

पहाटे दोन्ही सायकली टपावर चढल्या. माझी काथ्याने बांधली. नागझरीच्या आसपास गाडी उभी करून आम्ही आत वळलो आणि थोड्या वेळाने सूर्या प्रकल्पाच्या कालव्याची वाट लागली. कालव्याची वाट लागली म्हणजे वाईट काही नाही. पाटबंधारे खात्याची ती कडेची मुरमाची वाट हो.

शंभर पावलांवर मी पाय टेकून थांबलो. भाच्याला वाटलं, दम लागला. दम नव्हता. मागून काही येत नव्हतं! एकतीस वर्षं माझे कान पाठीमागे असत. त्या दिवशी ते पहिल्यांदा आपल्या जागेवर आले. सागाची वाळकी पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. पळस फुलला होता. झाडाला एक पान नाही आणि तरी एवढा थाट. खाली सूर्या नदी दगडांतून सावकाश निघाली होती वैतरणेला भेटायला. तिचं बरंचसं पाणी नळातून वसई-विरारकडे जातं. या जिल्ह्यातून त्या दिशेला गर्दीशिवाय जाणारं ते एकटंच.

डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन वारली बायका समोरून आल्या. आम्ही उतरून वाट दिली. त्या भाच्याच्या शिरस्त्राणाकडे, चष्म्याकडे, तंग चड्डीकडे बघून काहीतरी बोलल्या आणि मोळी न हलवता पोटभर हसल्या. मग मागून गवताचा भारा लादलेली, माझ्याच सायकलीची थोरली बहीण शोभेल अशी सायकल आली आणि चालवणारे आजोबा आम्हा दोघांना मागे टाकून निघून गेले. आपण ग्रॅव्हल बायकिंग करतो आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

जिल्ह्यात हल्ली वेगाने जाण्याची इतकी कामं निघाली आहेत, बुलेट ट्रेन, बडोद्याचा द्रुतगती महामार्ग, २०२४ साली पायाभरणी झालेलं वाढवण बंदर, की हळू जायला जागा किती उरेल याचा हिशेब मी मनात मांडत होतो. तेवढ्यात फुस्स झालं.

भाच्याच्या टायरला धारदार दगडाने बाजूने चीर पडली होती. त्यात ट्यूब नसते, पांढरं दूध असतं. काटा लागला तर ते आपोआप भोक बुजवतं. पण चीर काट्याएवढी नव्हती. दूध उतू गेलं आणि टायर बसलं. माझ्याकडे सोल्युशन होतं, पॅच होता, कानस होती, फक्त चिकटवायला ट्यूब नव्हती.

गाडी सहा किलोमीटरवर. शेवटी भाचा माझ्या कॅरियरवर डबलसीट बसला आणि त्याने आपली सायकल खांद्यावर घेतली. वजन फक्त नऊ किलो. एवढे पैसे घालून या सायकली हलक्या का करतात ते मला तिथे कळलं. माझी गुडघ्यापासून कुरकुरत होती की चेनपासून, सांगता येत नाही, पण दोघांना घेऊन ती गेली.

घरी येईपर्यंत भाच्याने हे सगळं मामीला फोनवर सांगून टाकलं होतं. भंगारवाला दारात वजनकाटा घेऊन बसला होता. सौ.ने त्याला रद्दी दिली, दोन जुने डबे दिले आणि दार लावलं. मग सायकलीला एक फेरी मारून तिने कॅरियर अंगठ्याने दाबून पाहिलं.

"अहो, या वाटेने ट्रक खरंच येत नाहीत?"

"एकही नाही."

"भाचा किती किलोचा आहे?"