श्रावणाचा जमाखर्च

मराठी लेखकाची दिवाळी श्रावणात येते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आम्हां कथा लिहिणाऱ्यांचे पंचांग इतरांपेक्षा दोन-अडीच महिने पुढे धावू लागले. बाहेर झड लागलेली असते, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, पोरांच्या वह्यांना ओल येते. आणि आम्ही मात्र लोकांनी फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचावे असे काहीतरी लिहिण्याच्या खटपटीत असतो. संपादकांचा निरोप आषाढातच येतो. पूर्वी म्हणे छापील कागदावर, सहीनिशी पत्र येई. आता भ्रमणध्वनीवर एक ओळ येते. पण ‘पोळ्यापर्यंत कथा हवी’ या तीन शब्दांतला दरारा काही कमी झालेला नाही.

वाचक भेटले की हमखास विचारतात, ‘तुम्हांला सुचते कसे हो?’ या प्रश्नाला आजवर मी हसून वेळ मारून नेली. म्हटले, एकदा एका श्रावणाचा हिशेबच मांडावा. जमा काय, खर्च काय आणि शेवटी शिल्लक काय उरली, ते ज्याचे त्यानेच पाहावे.

वर्ध्याला रामनगरात आमचे बिऱ्हाड. मी शाळेत मराठी शिकवतो. सौ. एका पतसंस्थेत आहे. मुलगी बारावीत, मुलगा चौथीत, आणि आईने अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे. अशा पाच माणसांत टेबल एकच. पहाटे साडेचार ते सहा ते माझे, सहापासून रात्री दहापर्यंत मुलीचे आणि त्यानंतर इस्त्रीचे. तेव्हा माझी प्रतिभा, असलीच तर, दीड तासाच्या कराराने कामाला लागते. लेखकाला एकान्त हवा असतो असे पुस्तकांत वाचले आहे. आमच्याकडे साडेपाचला आईचा जप सुरू होतो, पावणेसहाला दूधवाला येतो, आणि सहाला मुलगी काही न बोलता पाठीमागे येऊन उभी राहते. तिच्या उभे राहण्यानेच परिच्छेद संपतो.

प्रतिपदेला मी कथा मांडायला घेतली. दोन भावांची हिस्सेवाटणी, हा विषय. विषय जुनाच, पण विदर्भात ज्याच्या घरी शेत आहे त्याच्या घरी ही कथा आहेच. पहिल्या आठवड्यात सहा पाने झाली. शेत वाटून झाले, घर वाटून झाले, भांडी अंगणात मांडली गेली आणि तिथे लेखणी थांबली. गोठ्यात बैलजोडी उभी होती आणि तिचे काय करायचे, ते मला माहीत नव्हते.

नेमके त्याच आठवड्यात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, धाकट्या भावाचा फोन आला. सेलूजवळच्या आमच्या गावी तो शेती पाहतो. आठ एकर, कपाशी, तूर आणि सोयाबीन.

‘‘दादा, यंदाचा पोळा झाला का जोडी काढून टाकू म्हणतो.’’

जोडी म्हणजे सोन्या आणि राजा. गवळाऊ जातीचे, पांढरेशुभ्र. आर्वी-कारंज्याकडचा हा आमच्या जिल्ह्याचा स्वतःचा वाण. अंगाने हलका, चालीला चपळ. पण आता दोघेही चौदाच्या पुढे गेलेले. नांगरट भाड्याचा ट्रॅक्टर उरकतो. बैलांकडे उरले ते डवऱ्याचे थोडे काम. कुटार महाग, ढेप त्याहून महाग, आणि बैल सांभाळायला गडी मिळत नाही. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक भेटणे मुश्किलीचे झाले आहे. पोळ्यानंतर एक जण न्यायला तयार होता. कशासाठी, ते भावाने विचारले नव्हते.

मी म्हणालो, ‘‘इतकी वर्षे राबली रे ती. राहू दे की.’’

तो पलीकडून जरा थांबला. मग म्हणाला, ‘‘दादा, तू बैलाईवर गोष्टी लिहितं. शेण मले काढा लागते.’’

याला उत्तर नव्हते. तो रागाने बोलला असता तर मीही रागावलो असतो. पण तो अगदी सरळपणे, हिशेब सांगावा तसे बोलला होता. फोन ठेवला आणि आईला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि वाती वळत राहिली.

कथा अडली की मी वाचायला घेतो. इतर लेखक काय करतात, कोण जाणे. या खेपेला कपाटातून उद्धव शेळक्यांची ‘धग’ काढली. शेळके जन्माने आमच्याच जिल्ह्यातले, हिंगणघाटचे. १९६० साली ही कादंबरी आली. शिवणकाम करणाऱ्या नवऱ्याचा मोडका संसार ओढणारी कौतिक तीत आहे, आणि ती बोलते ती अस्सल वऱ्हाडी. आम्ही मास्तर मंडळी मुलांच्या वहीतले ‘मले-तुले’ लाल शाईने खोडतो, आणि शेळक्यांनी त्याच ‘मले-तुले’वर कादंबरी उभी केली! पुण्या-मुंबईच्या वाचकांनीही ती वाचली, मानली. मी ती शाळेतून आल्यावर खिडकीशी बसून वाची, आणि आईला दिसत नाही म्हणून अधूनमधून मोठ्याने. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. कौतिकचे बोलणे ऐकून ती एकदा म्हणाली, ‘‘हे पुस्तकात लिवलं आहे? असंच?’’ मी पान दाखवले. तिने त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, ‘‘मंग वाच पुढं.’’

त्या संध्याकाळी मी माझ्या सहा पानांतले सगळे संवाद पुन्हा लिहिले. भाऊ माझ्याशी फोनवर ज्या भाषेत बोलला, त्या भाषेत.

तिसऱ्या सोमवारी आईला गोपुरीला नेले. तिथे गीताई मंदिर आहे. मंदिर म्हणायचे, पण छप्पर नाही, मूर्ती नाही. मोकळ्या आकाशाखाली शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर विनोबांच्या ‘गीताई’चे श्लोक कोरले आहेत. वर्तमानपत्राची अक्षरे आईला आता लागत नाहीत. दगडावरची मोठी अक्षरे मात्र ती एकेक लावत जाते. सोबत माणूस लागतो तो हात धरायला, वाचायला नव्हे. हे तिचे स्वतःचे वाचनालय.

विनोबांनी ‘गीताई’ वर्ध्यातच लिहिली. ७ ऑक्टोबर १९३० ला आरंभ आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला समाप्ती. श्लोक सातशे, महिने चार. सरासरी काढली तर रोजचे जेमतेम सहा श्लोक. मला या आकड्याचा नेहमी मोठा आधार वाटतो. केवढे काम, आणि रोजचा वाटा केवढा लहान! आणि मूळ मागणी कोणाची? त्यांच्या आईची. संस्कृत गीता तिला कळेना, मराठी हवी होती. आणि ‘तूच का करीत नाहीस?’ असे तिने मुलाला विचारले होते. ती १९१८ सालीच गेली. ज्या वाचकासाठी लिहायला घेतले, तो नसतानाही विनोबांनी ते काम पुरे केले. माझी वाचक माझा हात धरून चालत होती. म्हटले, विचारून तर पाहू.

‘‘आई, बाबांची नि काकांची वाटणी झाली, तेव्हा बैलांचं काय केलं होतं?’’

आई एका शिळेशी थांबली. आमच्या घरी या गोष्टीवर कोणी बोलत नसे. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो.

‘‘भांडे मोजून वाटले,’’ ती म्हणाली. ‘‘विहिरीचं पानी वारानं वाटलं. आंब्याचे झाडं वाटले. जोडी नाही वाटली. जोडी फोडत नाही बाबू. डाव्या अंगाचा बैल उजवीकडं चालत नाही. काकाले चार पोरं होते, आमाले तुम्ही दोघं. तुया बाबानंच म्हटलं, जोडी तू ठेव. त्या साली आपली वाही भाड्याच्या जोडीनं झाली.’’

थोडे पुढे गेल्यावर तिने आपणहून सांगितले, ‘‘वावरात जाची वाट काकाच्या गोठ्यापुढून होती. तुया बाबाले पाह्यलं का जोडी उठून उभी राहे. म्हनून तो मागच्या वाटेनं जाये. चिखलातून.’’

परतताना रिक्षात ती एवढेच म्हणाली, ‘‘लिहिशीन त लिही. पन काकाले वाईट नको करू. त्याचे पोरं वाचतात.’’

तिने न सांगते तरी आता काका वाईट होणे शक्य नव्हते. उरलेली कथा चार पहाटांत झाली. पाचव्या दिवशी टेबल मुलीला पाऊण तास आधीच मिळाले, तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिले.

कथेची पहिली वाचक सौ. असते. तिने कान्होबाची आरास आवरता आवरता वाचली, दोन विशेषणे खोडली (ती नेहमी दोन खोडते), आणि विचारले, ‘‘यात मोठ्या भावाची बायको काय करते?’’ प्रश्न साधा. पण मी तो घेऊन पुन्हा आईकडे गेलो. आई म्हणाली, ‘‘मी काय करन? पोळ्याले नैवेद्य घेऊन जाओ जोडीसाठी. काकाच्या गोठ्यात. दरसाल.’’ म्हणजे ज्या सालांत दोन घरांत बोलणे बंद होते, त्या सालांतही पुरणपोळीचे ताट घेऊन आई पुढच्या वाटेने जात होती. मग कथेत एक पान वाढले. माझ्या मते तेच तिचे सर्वांत चांगले पान आहे. त्याचे श्रेय कोणाचे, ते वाचकांनीच ठरवावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सारे गावी गेलो. संध्याकाळी खांदमळणी. सोन्या-राजाच्या खांद्यांना तूप-हळद चोळताना तिथली कातडी हाताला लागली. जोखड घासून घासून पायाच्या टाचेसारखी झालेली. पोळ्याला जोडी सजली. झुली चढल्या, शिंगांना बेगड लागली. पूर्वी गावच्या तोरणाखाली जोड्या मावत नसत म्हणे. आता बोटांवर मोजाव्या इतक्या. झडत्या म्हणणारे मात्र तेवढेच होते, आणि जोर तोच.

रात्री जेवणे झाल्यावर आईने फर्मावले, ‘‘वाच.’’ ओसरीवर मी कथा वाचली. भाऊ खांबाला टेकून बसला होता, चेहरा अंधारात. मागच्या वाटेचा प्रसंग आला तेव्हा गोठ्यात घंटा वाजली. बैलाने मान हलवली असेल. वाचून संपले. कोणी काही बोलले नाही. भाऊ उठून गोठ्यात गेला. कुटार टाकल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा म्हणाला, ‘‘त्या मानसाले नाही म्हनून सांगतो. हे जोडी आहे तोवर राहू दे. पन यांच्यामागं नवी नाही घेनार, दादा. मले होत नाही.’’

मी म्हटले, ‘‘बरोबर आहे तुझं.’’ आणि ते बरोबरच होते. त्याला आता पन्नाशी आली आहे, आणि त्याच्या मुलाचे मन शेतात नाही.

‘‘अन् ढेप तुयाकडं,’’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या चिरंजीवांनी लाकडी बैलाला चाके लावून, गळ्यात दोरी बांधून सारे गाव पालथे घातले आणि बोजाऱ्याचे एकशे चाळीस रुपये जमवले. तिकडे सिंदीला माणसाहून उंच लाकडी बैल निघतात असे चुलत भावाने सांगितल्यापासून तो पुढच्या वर्षीच्या तयारीला लागला आहे.

संध्याकाळी वर्ध्याला परतून कथा धाडली. संपादकांचे ‘पोचली’ असे उत्तर आले. शब्द एकच, पण जीव भांड्यात पडला.

तर हिशेब असा: जमेला एक कथा, अकरा पाने, दुसऱ्यांदा वाचलेली एक कादंबरी, आणि बाबांची एक गोष्ट, जी मला इतकी वर्षे ठाऊक नव्हती. खर्चात महिनाभराची झोप आणि ढेपेची पोती, दरमहा दोन. आईला हा हिशेब वाचून दाखवला, तर तिने विचारले, ‘‘त्या गोष्टीचे पैसे केव्हा येतात? दिवाळीपर्यंतची ढेप आत्ताच भरून ठेवली तर बरं. पुढं भाव चढतात.’’