भाकड गाईचे शेत

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून दुधासंबंधी जेवढी चर्चा चालते, तेवढी अन्य कोणत्याही जिन्नसासंबंधी क्वचितच चालत असेल. दूध पातळ आले, साय धरली नाही, भाव चढला, या बाबतींत गृहस्थ व गृहिणी यांचे एकमत व्हावयास मुळीच वेळ लागत नाही. परंतु ते दूध कोणत्या चाऱ्याचे झाले, ही विचारपूस करणारा मनुष्य विरळा. आमच्याकडे हा विषय वारसाहक्काने आला.

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमची पाच एकर वडिलार्जित बागाईत जमीन आहे. ती आमचे धाकटे बंधू कसतात; आम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवितो आणि सुटीत तेथे जाऊन मते देतो. दावणीला सहा संकरित गाई. त्यांतील एकदोन नेहमी भाकड, शिवाय तीन कालवडी. म्हणजे निम्म्याच्या आसपास तोंडे आज थेंबभरही दूध न देणारी. गेल्या उन्हाळ्यात बंधू म्हणाले, "अण्णा, चाऱ्याच्या दोन एकरांतही ऊसच लावतो. भाकडांना वाढे पुरतील. कालवडी विकून टाकू." उसाचे पैसे एकरकमी येतात आणि मुलीचे शिक्षण पुढे उभे आहे. या हिशेबाला हसणे सोपे नव्हते.

तथापि हिशेबाची एक बाजू राहून गेली होती. वाढ्यांनी पोट भरते, अंग भरत नाही. त्यांत प्रथिने थोडी, आणि ऑक्झलेट नावाचे जे द्रव्य असते ते चाऱ्यातील चुना बांधून टाकते. कालवड नीट पोसली तर अडीच वर्षांच्या सुमारास विते. उपाशी ठेवली तर माजावरच उशिरा येते आणि तिच्या आयुष्यातले एक वेत फुकट जाते. भाकड गाय पुढील वेताची तयारी याच दोन महिन्यांत करीत असते. आज दूध न देणारे जनावर ही उद्याच्या दुधाची ठेव होय. ठेवीवर खर्च केला म्हणून कोणी तीस कर्ज म्हणत नाही.

मग सर्वांत उत्तम चारा कोणता? आम्ही हा प्रश्न पुस्तकी थाटात टाकला, तेव्हा बंधूंच्या पत्नी म्हणाल्या, "भाऊजी, कुणासाठी ते आधी सांगा." या एका वाक्यात सारे शास्त्र आले. लसूणघास दुभत्या गाईस अमृत खरे. परंतु विण्याच्या बेतात असलेल्या गाईस तो भरपूर घातला, तर बाहेरून एवढा चुना मिळतो की हाडांतून तो काढण्याची शरीराची सवय मोडते. व्याल्यावर दुधासाठी चुन्याची एकदम ओढ लागते आणि गाय दुग्धज्वराने आडवी होते. तिला त्या दिवसांत कडबा व गवतच बरे. ओला घास नुसता चारला तर पोटफुगी ठरलेली. ज्वारीचा कडबा थोर. पण तीच ज्वारी कोवळी असता, विशेषतः पावसाने ओढ दिल्यावर, जनावरास किराळ लागून घटकेत प्राण घेते. तात्पर्य, चारा स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. त्याचा महिना व त्याचे तोंड चुकते.

हीच गोष्ट जमिनीची. इंग्लंडात अठराव्या शतकात नॉरफोक परगण्यात गहू, सलगम, जव व क्लोव्हर असा चार पिकांचा फेर रूढ झाला. त्यामुळे शेत पडीक न ठेवता जनावरांना हिवाळ्याची वैरण मिळू लागली. त्याचा पुरस्कार करणाऱ्या लॉर्ड टाउनशेंड यांच्या नावामागे तर लोकांनी सलगमच जोडून दिला. आपल्याकडे हिवाळ्याच्या जागी चैत्र-वैशाख समजावा, म्हणजे झाले.

आम्ही दोन एकरांचे चार भाग केले. गोठ्याच्या सांडपाण्यावरील भागात संकरित नेपिअर. ते अनेक वर्षे हलत नाही. उरलेल्या तीन भागांत फेर. एकात लसूणघास तीन वर्षे. दुसऱ्यात खरिपात मका व चवळी, रब्बीत ओट. तिसऱ्यात रब्बीची ज्वारी, कडब्यासाठी व थोडी घरासाठीही. तीन वर्षांनी घास विरळ होतो, अमरवेल चढते, आणि जुन्या घासाच्या अवशेषांतील द्रव्ये त्याच जातीच्या नव्या रोपांस वाढू देत नाहीत. म्हणून तेथे पुन्हा घास न पेरता मका घ्यावा. मुळांनी साठविलेले नत्र त्याला आयते मिळते. भाद्रपदातील जास्तीच्या मक्याचा मुरघास होतो व तो उन्हाळ्यात उपयोगी पडतो.

डोंगरकडेच्या मुरमाड तुकड्यावर कालवडी चरतात. आंद्रे व्हॉइझां या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1957 साली गवतावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सार असे की, चरलेल्या गवतास मुळांतली शिल्लक पुन्हा भरावयास वेळ लागतो. जनावर लवकर परतले तर ते मुद्दलच खाते. सतत चराई झाली की मारवेल जाते आणि कुसळी माजते, हे आपले गुराखीही जाणतात. म्हणून त्या तुकड्याचे पट्टे पाडून ते पाळीपाळीने बंद ठेवले.

या व्यवस्थेस बंधूंच्या पत्नींनी एकच अट घातली: घास गोठ्यालगतच असावा. तो महिन्याकाठी कापावा लागतो आणि भारा त्यांच्या डोक्यावर येतो. ही अट आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती आम्ही प्रथम मान्य केली.

ऊस तीन एकरांतच राहिला आणि कालवडीही राहिल्या. घास तिन्ही भागांतून फिरून मूळ जागी यावयास नऊ वर्षे लागतील. "तोवर थांबायचे?" असे बंधूंनी विचारले खरे, पण पुढच्याच महिन्यात त्यांनी बांध घातले. दुधाचा भाव चढला म्हणून कुरकुरणाऱ्या वाचकांस आमची एवढीच विनंती की, त्या भावात दूध न देणाऱ्या जनावरांच्या पोटाचाही वाटा धरावा. तो न देणारा समाज आज स्वस्त दूध पिईल. त्याच्या नातवंडांस मात्र ते कोठून मिळावयाचे?