पन्नास सेकंदांचा सिनेमा

मे महिन्याच्या सुटीत आपल्या मंडळातर्फे मुलांसाठी सिनेमा बनवण्याचा वर्ग घ्यायचं ठरलं आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात काही वर्षं मी संकलन केलंय, पण शिकवण्याचा अनुभव शून्य. त्यात दोन अपेक्षा आधीच कानावर आल्या. मुलांना रील्स करायच्यात आणि आईवडिलांना वाटतं, या निमित्ताने पोरं जरा मराठी बोलतील.

दुसरी गोष्ट अवघड. आपली मुलं शाळेत इंग्रजी-कन्नड लिहितात, घरी मराठी ऐकतात आणि उत्तर तिन्हींची मिसळ करून देतात. (दुर्गदबैलातला 'बैल' म्हणजे जनावर नव्हे, कन्नड 'बयलु', म्हणजे किल्ल्याचं मोकळं मैदान, हे पुण्याच्या पाहुण्यांना मुलंच सांगतात!) त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून "मराठीत पटकथा लिहा" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा होईल.

म्हणून सिनेमा जिथे सुरू झाला तिथूनच सुरुवात करणार आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले. एकेक जेमतेम पन्नास सेकंदांचा, कारण फिल्मच तेवढी मावायची. कॅमेरा जागचा हलत नसे, आवाज नव्हताच. पुढे सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईत कुस्ती टिपली. फाळक्यांनी तर 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतलं रोप कसं वाढतं तेच चित्रित केलं आणि ते दाखवून भांडवल उभं केलं. संवाद एकही नाही!

तर पहिला पाठ असा: फोन आडवा, कशावर तरी टेकवलेला. पन्नास सेकंद हात लावायचा नाही. झूम नाही, संगीत नाही.

हे जमतं का, ते पाहायला शेजारच्या सातवीतल्या मुलाला घेऊन सकाळी दुर्गदबैलात गेले. संध्याकाळी गिरमिट-मिरचीच्या गाड्यांपुढे उभं राहायलाही जागा नसते. त्याने आधी फोन गरागरा फिरवला. भाजी, रिक्षा, गाय, सगळं आलं आणि काहीच दिसलं नाही. मग एका बांगडीवाल्याला विचारून फोन खोक्यांवर टेकवला. चौकटीत फक्त दोन हात. एक गिऱ्हाइकाचा, एक दुकानदाराचा. तो पंजा दाबत, बोटं जुळवत एकेक हिरवी बांगडी वर सरकवत होता. शेवटची अडली, हात आखडला, पुन्हा सैल झाला. पन्नास सेकंद संपले तरी पोरगा हलला नाही.

घरी त्याने ते आजीला दाखवलं. "बघ, बांगड्या घालतायत."

"घालतायत काय रे? भरतायत म्हण. बांगड्या भरतात."

"आणि फुटली तर?"

"फुटली म्हणायचं नाही. वाढवली म्हणायचं."

"तुटल्यावर वाढते कशी?" त्याने विचारलं, आणि आजी अर्धा तास बोलत होत्या. त्यांच्या लग्नातला चुडा, माहेरची कासारीण, सगळं निघालं. नातवाने इतकं मराठी सलग ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. मी मात्र हळूच आवाज टिपायला सुरुवात केली.

माझ्या वहीतला दुसरा पाठ त्या दिवशी बदलला. आधी तिथे 'संवादलेखन' होतं. आता मुलं आपापला मुका चित्रपट घरातल्या मोठ्या माणसाला दाखवतील, प्रश्न विचारतील आणि त्यांचं बोलणं चित्राखाली जोडतील. संकलन मी शिकवीन, तेवढं मला येतं. ज्याला टिपायचं त्याला आधी विचारायचं, चेहरा नको म्हणाला तर हात टिपायचे, हा नियम पक्का. चित्रपटाच्या नावाची पाटी कोणत्या लिपीत लिहायची, ते मुलांनी ठरवावं. यावर मंडळात थोडी कुरकुर झाली, पण मी ऐकणार नाही.

आजी-आजोबांना एकच विनंती. दुसऱ्या रविवारी दुपारी तासभर मोकळे राहा, आणि उकडलं तरी तेवढा वेळ पंखा बंद ठेवा. त्याची घरघर आवाजात येते.