नव्या धानाच्या वासात वाचलेलं

दिवाळी सरली की आमच्या दिघोरीच्या हवेला नव्या धानाचा वास येतो. बांधीतलं पाणी ओसरून गेलेलं असतं, कापणी आटोपून पुंजणी रचलेली असतात, खळ्यावर चुरण्याची लगबग असते आणि गावातल्या कुठल्याही वाटेनं गेलं तरी तो कोरडा, किंचित गोडसर, नाकात हुळहुळणारा वास सोबत चालत राहतो. आमच्या घरात तो सगळ्यात दाट असायचा मागच्या खोलीत, जिथं शेणामातीनं लिंपलेल्या ढोल्या उभ्या असत. खोलीला एकच झरोका. दुपार कलली की त्यातून उन्हाची तिरपी पट्टी आत उतरे, तिच्यात धानाची धूळ तरंगत राही, आणि त्या पट्टीखाली पोत्यांच्या थप्पीवर बसून मी वाचत असे. कूस मानेला चावे, हात खाजवून लाल होत, तरी उठवत नसे. त्या खोलीत कुणी सहसा येत नसे, म्हणून तिथं मला हवं ते वाचता येई.

हवं ते म्हणजे प्रेमाच्या गोष्टी. आणि पुढं पुढं, पुरुषानं पुरुषावर केलेल्या प्रेमाच्या गोष्टी.

आज मी कादंबऱ्या लिहिते. काय वाचता, असं कुणी विचारलं तर हे उत्तर मी आनंदानं देते. दोन पुरुषांच्या प्रेमकथा मला मनापासून आवडतात. अभ्यासासाठी नव्हे, संदर्भासाठी नव्हे. एखादं सुखाचं वाचन जसं अंगावर घ्यावं, तसं मी ते अंगावर घेते.

या वाटेवरचं माझं पहिलं पुस्तक मराठीच होतं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. २००६ साली ती आली, आणि नागपूरहून येताना पिशवीच्या तळाशी ठेवून मी ती घरी आणली. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलेला एक तरुण, आणि त्याच्यावर जीव जडलेली घरातली दोन भावंडं, तनय आणि अनुजा. आधी तनय बोलतो, थेट त्या निघून गेलेल्या तरुणाशीच बोलतो. मग अनुजाची डायरी सुरू होते. ज्याच्यासाठी दोघं इतकी उलथीपालथी होतात, त्याला कादंबरीभर नाव नाही. तनयचा भाग मी एका बैठकीत संपवला. ऊन झरोक्यातून निघून गेलं, अक्षरं दिसेनाशी झाली, आणि मी तशीच बसून राहिले. कुणाच्या तरी आठवणीनं एक मुलगा घरातल्या घरात पोरका झाला होता आणि त्या घरात कुणाला त्याचं दुःख विचारायचंही सुचत नव्हतं. ते पुस्तक आजही उघडलं की पानांतून धान येतं. खरंच येतं. शिवणीत अडकलेली तुसं आहेत.

मला त्या प्रेमात काय सापडलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी ज्या गोष्टींवर वाढले त्यांत बाईचं प्रेम सुरू होण्याआधीच तिची जागा ठरलेली असे. घर कुणी सोडायचं, वाट कुणी पाहायची, चहा कुणी मांडायचा, मागून कुणी जेवायचं. नायक कितीही हळवा असो, शेवटच्या पानानंतर ती सून होणार हे मला पहिल्या पानावरच कळत असे आणि माझ्या सुखात एक बारीक खडा येई. दोन पुरुषांच्या गोष्टीत हे काहीच आधी ठरलेलं नव्हतं. कोण कुणाची वाट पाहील, कोण आधी हात पुढं करील, कोण कुणाच्या तापलेल्या कपाळावर ओली पट्टी ठेवील, सगळं त्या दोघांनाच ठरवावं लागे, रोज नव्यानं. बाई म्हणून वाचताना मला तिथं केवढी मोकळी हवा मिळाली! प्रेम हे वाटणीशिवायही करता येतं, हे मला त्या पुरुषांनी शिकवलं.

आणि तरी हे सगळं दिघोरीला अगदीच परकं होतं असं मला वाटत नाही. धान घरात आलं की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात आणि मंडईच्या रात्री दंडार, आमचं लोकनाट्य, उभी राहते. आता वडशाच्या नाटक मंडळ्या येतात, त्यांच्या नाटकांत बायका कामं करतात. पण जुन्या दंडारीत नायकही पुरुष आणि नायिकाही पुरुष. लहानपणी मी आजीच्या मांडीला रेलून, कांबळ्यात गुरफटून ती पाहिली आहे. लुगडं नेसलेला तो तरुण माझ्या अगदी जवळून गेला होता. मनगटात हिरव्या बांगड्या, आणि तळव्याला विळ्याचे घट्टे. त्यानं नायकाकडे पाहिलं, नायकानं त्याच्याकडे, विरहाचं गाणं उचललं गेलं आणि पदरांची टोकं डोळ्यांना लागली. साऱ्या गावानं दोन पुरुषांना एकमेकांसाठी झुरताना पाहिलं आणि त्यांच्यासाठी मनापासून रडून घेतलं. उजाडल्यावर मात्र तेच झुरणं कुणाच्या खऱ्या आयुष्यात निघालं असतं, तर त्याला बसायला ओसरी मिळाली असती का? हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आजीला वाचता येत नव्हतं. मासिकातल्या गोष्टी मी तिला वाचून दाखवी. भाषा, वर्णनं, लेखकाची करामत, याचं तिला काही नव्हतं. गोष्ट संपली की ती सुपारी कातरता कातरता एवढंच विचारी, “मंग त्याहिचा का झाला?” पुढं त्या दोघांचं काय झालं. ‘कोबाल्ट ब्लू’ घरात आली तेव्हा आजी राहिली नव्हती. पण तिचा प्रश्न माझ्या वाचण्यात कायमचा मुक्कामाला आला. कारण या प्रेमांचं पुढं फारसं बरं होतच नव्हतं. कुणी परागंदा होई, कुणी लग्न करून गप्प होई, कुणी जीव देई.

म्हणून ई. एम. फॉर्स्टरची ‘मॉरिस’ हाती आली तेव्हा मी हरखून गेले. १९१२-१३ च्या हिवाळ्यात हा लेखक हिंदुस्थानात हिंडून गेला, देवासच्या पवारांच्या मराठी दरबारी पाहुणचार घेऊन गेला, आणि परतल्यावर काही महिन्यांत त्यानं ही कादंबरी लिहायला घेतली. मॉरिस हा सुखवस्तू घरातला मुलगा, अ‍ॅलेक हा जमीनदाराच्या रानाची राखण करणारा. दोघं सगळं सोडून एकत्र राहायचं ठरवतात आणि गोष्ट तिथं थांबते. सुखाचा शेवट हवाच, निदान कादंबरीत तरी दोन पुरुषांनी प्रेमात पडावं आणि प्रेमातच राहावं, असा फॉर्स्टरचा हट्ट होता. त्या हट्टापायी पुस्तक छापता येईना. त्या काळी इंग्लंडात हा गुन्हा होता. पुढं १९२१ मध्ये तो पुन्हा देवासला आला, तुकोजीराव महाराजांचा खाजगी सचिव म्हणून राहिला, तिथली गोकुळाष्टमी त्यानं पाहिली, आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या अखेरच्या भागात कृष्णजन्माच्या गजरात आपल्या तुकारामाचं नाव घुमवलं. आणि या साऱ्या काळात ‘मॉरिस’ बंदच. तो १९७० मध्ये गेला, पुस्तक १९७१ मध्ये आलं. मराठी राजाच्या वाड्यात वावरणाऱ्या त्या माणसाच्या मनात दोन प्रेमी सुखानं नांदत होते आणि ते कुणालाही सांगता येत नव्हतं, हे आठवलं की जीव कळवळतो.

आता सांगता येतं. आता मी फोनवर वाचते, रात्री, अंगणात खाट टाकून. मॅडलिन मिलरच्या ‘द साँग ऑफ अकिलीज’मध्ये पोरसवदा अकिलीज अंजिरं हवेत झेलता झेलता त्यातलं एक अचानक पॅट्रोक्लसकडे उडवतो, आणि ते एक अंजीर हातात येताच त्या दबलेल्या, नकोशा मुलाचं आयुष्य फिरतं. पुढं ट्रॉयचं युद्ध आहे, मरण आहे, सारं ठाऊक असतं. पण माझं मन त्या अंजिरापाशी घोटाळत राहतं. अ‍ॅलिस ओसमनच्या ‘हार्टस्टॉपर’मध्ये तर वर्गात शेजारी बसलेली दोन मुलं आहेत, निक आणि चार्ली, आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हाताजवळ जाऊन थबकतो एवढ्यासाठी पानंच्या पानं आहेत. त्या थबकण्यात मी किती वेळ राहते! इतकं साधं, इतकं निर्भय सुख. माझ्या पिढीच्या कुठल्या तरी तनयला ते शाळेतच वाचायला मिळालं असतं तर.

२०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं या प्रेमावरचा गुन्ह्याचा डाग पुसला, तेव्हा इकडे धान निसवायला आलं होतं. ती बातमी ऐकून मी कपाटातली पुस्तकं खाली काढली. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’, १९८१ साली रंगमंचावर आलेलं, सुमित्रेच्या एकटेपणानं अजूनही चटका लावणारं. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’. आणि ती निळी कादंबरी. या माणसांनी कायदा डोक्यावर असताना लिहिलं. पानापानावरून हात फिरवताना मला त्यांच्याविषयी जी माया दाटून आली, ती सांगायला मला अजून वाक्य सापडलेलं नाही. लग्नाचा हक्क मात्र २०२३ मध्ये त्याच न्यायालयात अडला. म्हणजे पुढं काय झालं, हा प्रश्न अजून उभाच आहे.

कादंबरीकाराला त्याचं उत्तर देता येतं. न्यायालयाआधी, गावाआधी देता येतं. सध्या मी जी कादंबरी लिहिते आहे ती चुलबंद नदीच्या काठावर घडते. एक जण चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर घेऊन गावोगाव फिरतो, दुसरा राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. त्यांच्यात भांडणं आहेत, लपाछपी आहे, एका पावसाळ्याचा दुरावाही आहे. पण ते दोघं एका घरात म्हातारे होतात, आणि त्यांच्या दारावर माणसं येतात-जातात. हे मी पहिलं वाक्य लिहिण्याआधीच ठरवलं आहे. मी वाचलेल्या मराठीत हे सुख मला कुठं भेटलं नाही. माझ्या वाचण्यानं मला इतकं दिलं आहे की आता ते मराठीत आणणं मी माझं देणं समजते.